रतनबाई स्वतःच आल्या

मंचरच्या भगवंत पेंटरांनी जन्मभर गेलेल्या माणसांचीच चित्रं काढली. लोक फोटो आणून द्यायचे. ते फोटोवर बारीक चौकोन आखायचे, तेच कॅनव्हासवर मोठे करायचे आणि एकेका चौकोनातून चेहरा उतरवायचे. घरची माणसं चित्र बघून डोळे पुसायची. भगवंतांना तेवढी पावती पुरायची.

एका सकाळी लोणीच्या रतनबाई मुलाला, गोरक्षला, घेऊन दुकानात आल्या. मेंढरांमागं हिंडून रापलेला चेहरा, हातात काठी.

"फोटो?" भगवंतांनी हात पुढं केला.

"फोटू कशाला? मीच आलेय की." त्या खुर्चीवर बसल्या. "मी मेल्यावर ही पोरं आधार कार्डावरला फोटू मोठा करत्याल. त्यात मी लई भेदरल्यावानी दिसते, भाऊ."

जिवंत माणूस समोर बसवायची भगवंतांची ही पहिलीच वेळ. रतनबाई ताठ बसल्या, श्वाससुद्धा बेतानं घेत. दुपारपर्यंत नाक-डोळे बिनचूक उमटले, पण बाई काही त्यात दिसेना. आजवर आपण असंच काढत आलो की काय, या विचारानं भगवंतांचा हात थांबला.

तेवढ्यात त्यांची बायको जया चहा घेऊन आली आणि रतनबाईंपाशी टेकली. "मेंढरं आता कोण बघतं?" एवढंच तिनं विचारलं. मग काय! आईनं टाकलेलं कोकरू पदराखाली घालून कसं वाढवलं, त्यानं सोयरिकीच्या बैठकीत शिरून पाव्हण्याचा पटका कसा चघळला, हे सांगता सांगता रतनबाई खदखदून हसल्या. उरलेसुरले दात दिसले. भगवंतांनी घाईनं नवा कॅनव्हास ओढला. चौकोन आखत बसायला सवड नव्हती.

मायलेक चित्र न्यायला आले तेव्हा गोरक्ष चाचरला. "आये, तोंड मिटल्यालं बरं दिसलं असतं."

"ऱ्हाऊ दे." रतनबाईंची नजर चित्रावरून हलत नव्हती. "आन् हार घालायचा न्हाई. चुलीम्होरं लाव. भाकरी करताना मलाच सोबत व्हईल."

मायलेक गेल्यावर जया कपबशा उचलू लागली. खिडकीतला उजेड तिच्या गालावर पडला होता. भगवंत बघत राहिले.

"जया, उद्या तू बसशील?"

तिच्या हातातली बशी तशीच राहिली. "मी? अहो, मला काय झालंय?"

"काही नाही गं," ते हसले. "धडधाकट आहेस म्हणून तर म्हणतोय."

जया कपबशा बाजूला ठेवून खुर्चीवर बसली आणि कपाळावरचे केस मागं सारायला लागली.

"राहू दे तसेच," भगवंत म्हणाले.