कळ

“विमलाताई, उठा! मागच्या दारानं चला!” बाळासो तिचा खांदा धरून हलवत होता. तो कॉम्प्युटरचा ऑपरेटर, ती प्रोग्रॅमर. सूतगिरणीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत त्या सकाळी दोघंच होते.

बाहेर व्हरांड्यातली काच फुटली. पाठोपाठ दुसरी. मग दारावर काहीतरी जड आदळलं आणि वरच्या बिजागरीतून लाकडाचा भुसा गळाला.

“एवढी ओळ होऊ दे,” विमला म्हणाली.

“ओळ गेली खड्ड्यात! मारतील की वो!”

पडद्यावर एकच ओळ होती. तिथला एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं-सुधारायचं साधन, एका वेळी एकच ओळ दाखवायचा. नंबर सांगितला की ती ओळ समोर यायची, बाकीचा प्रोग्रॅम अंधारात. टी दाबलं की ओळ दिसायची, के दाबलं की मरायची. ‘ओळ मारली’ असंच सगळे म्हणायचे. पुण्याहून यंत्राची देखभाल करायला येणारा पोरगा या एडिटरला शिव्या घालायचा, म्हणायचा की किल्लीच्या भोकातून घर झाडायला लावल्यासारखं आहे. विमलाला मात्र तो आवडायचा. अंधारात कुठे काय आहे ते तिला पाठ होतं. तिची भाषा कोबोल, म्हणजे लांबलचक वाक्यं लिहायची आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा. पूर्णविराम एक ओळ पुढेमागे झाला की सगळ्याचा अर्थ फिरायचा. शाळेत व्याकरण आवडलेल्या बाईला ही भाषा जवळची वाटली यात नवल नव्हतं.

त्या सकाळी ती जी ओळ मारत होती, ती बदली कामगारांची होती.

गिरणीत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली कामगार घ्यायचे. शेपन्नास माणसं रोज सकाळी फाटकाशी उन्हात उभी राहायची, मुकादम बोट दाखवेल तो आत. कॉम्प्युटर आल्यावर हे बोट दाखवणं यंत्राकडे गेलं. मॅनेजर शिरगावकरांनी एक नियम घालायला लावला: मागच्या हंगामात ज्यांनी खाडे केले ते सगळ्यांच्या शेवटी. विमलाने तो लिहिला. यंत्र सुरू झालं आणि फाटकाशी उभी असलेली निम्मी माणसं रोज तशीच परत जायला लागली. त्यांत तिचा सख्खा भाऊ अण्णासो होता.

अण्णासो तिच्याहून मोठा. मंगळवार पेठेतल्या घरात आई आक्काताई, तो आणि ती, एवढीच माणसं. वडील लवकर गेले. विमला कॉलेजात होती तेव्हा अण्णासो तिला सायकलवर पुढे बसवून सोडायचा आणि वाटेत कुणी नजर वाकडी केली तर सायकल आडवी टाकून मारामारी करायचा. हात उचलायला त्याला कारण लागत नसे. पण तिच्यावर त्याने कधी उचलला नव्हता.

आदल्या रात्रीच्या जेवणात त्याने ताट भिंतीवर फेकलं होतं. आमटीचा ओघळ चुलीपर्यंत आला.

“तू लिवलंस न्हवं ते? मग खोड!”

“अण्णा, माज्या हातात न्हाय ते. सायबांनी सांगितलं, मी लिवलं.”

“सायबानं सांगितलं मनून भावाचा गळा कापलास? गारगार वाऱ्यात बसतीस तू. त्या डबड्याला वारं घालत्यात, आन् आमी फाटकावर भाजतोय.”

“खाडे कुणी केलं? कुस्त्या बघत गावोगाव कोण फिरत हुतं?”

त्याने तिच्यावर अशी नजर रोखली की आक्काताई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

सकाळी मात्र फाटकावरची गर्दी पाहून शिरगावकर घाबरले. त्यांनी विमलाला बोलावून सांगितलं, “तो खाड्याचा नियम काढून टाका. आजच्या आज. वातावरण ठीक नाही.” एवढं बोलून ते मोटारीत बसून निघून गेले. फाटकावर कुणाला तरी हे सांगावं, असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. विमला जवळजवळ पळतच खोलीत आली. नियम एका ओळीत नव्हता, चार ठिकाणी पसरला होता. तीन ठिकाणचा तिने मारला होता. चौथी ओळ मारून ई दाबलं की बदल पक्का. तोपर्यंत सगळं यंत्राच्या आठवणीत तरंगत होतं. उठली असती तर गेलं असतं.

दार आत पडलं.

सगळ्यात आधी कापसाचा वास आला. माणसांच्या केसांत, भुवयांत, मिशांत कापसाचे तंतू होते. बाळासो हात पसरून पुढे झाला. “बायमाणूस हाय रे आत!” तो ओरडला. कुणीतरी स्टूल उचलून त्याच्या कानशिलात घातलं. तो कपाटावर आपटला, खाली बसला, आणि त्याच्या कानातून रक्त मानेवर उतरायला लागलं. दोघांनी मिळून त्याला लाथा घातल्या. प्रिंटर उलटा झाला. एकाने रुंद कागदाची थप्पी उचलून फाडायला घेतली. ती फाटेना तसा तो रडकुंडीला येऊन दातांनी ओढू लागला. थंड वारं घालणाऱ्या मोठ्या कपाटावर पहारी पडत होत्या. प्रत्येक घावासरशी आतून पत्र्याचा, तुटणाऱ्या तारांचा आवाज यायचा आणि माणसं आरोळी ठोकायची. दिवा मात्र अजून चालू होता. पडदाही.

विमलाने चौथी ओळ समोर आणली. के दाबलं. ओळ मेली.

तेवढ्यात पडद्यासमोर अण्णासो आला. त्याच्या हातात लोखंडी गज होता. सदरा छातीपाशी फाटला होता आणि कपाळावर घामात कापूस चिकटला होता.

“ऊठ,” तो म्हणाला.

“अण्णा, थांब. एक अक्षर—”

“ऊठ मनतोय न्हवं!”

तिचा उजवा हात कळफलकावर होता. त्याने तो पाहिला. आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, मग परत हाताकडे. हे तिला नंतर कोर्टात, इस्पितळात, घरात कितीजणांनी विचारलं आणि तिने सगळ्यांना तेच सांगितलं: त्याने पाहिलं होतं. ती काय लिहीत होती, ते मात्र कुणी विचारलं नाही.

गज खाली आला. कळा दातांसारख्या उडाल्या. तिला आधी काहीच वाटलं नाही. फक्त आपली बोटं भलत्या दिशेला वळलेली दिसली. गज पुन्हा वर गेला आणि पुन्हा त्याच जागी पडला. दुसऱ्या घावाला तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने खोलीतली माणसं थांबली. अण्णासो थांबला नाही. तिसरा घाव त्याने पडद्यावर घातला. फटाक्यासारखा आवाज झाला आणि काच तिच्या पदरात येऊन पडली.

मग शिट्ट्या वाजल्या, पोलीस आत आले, आणि त्यांनी समोर येईल त्याला मारलं. जमिनीवर पडलेल्या बाळासोलाही दोन काठ्या बसल्या.

इस्पितळात फौजदार आला तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आक्काताई पायाशी बसली होती.

“कुणी मारलं? ओळखता?” फौजदाराने विचारलं.

आक्काताईने लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. “साहेब, गर्दी हुती,” ती म्हणाली. “गर्दीत कोण कुणाला वळखतंय?”

“अण्णासो चौगले,” विमला म्हणाली. “माझा भाऊ.”

फौजदार गेला. आक्काताई उठून उशाशी आली. विमलाला वाटलं, ती कपाळावर हात ठेवणार. तिने विमलाच्या तोंडात मारली. प्लास्टरवाली पोर, शेजारच्या खाटांवरच्या बायका बघताहेत, कशाचं तिला भान नव्हतं.

“एकच पोरगा हुता मला,” ती म्हणाली. “हात काय, बरा हुईल. त्यो तुरुंगात जाईल ते?”

हात बरा झाला नाही. डॉक्टरांनी दोनदा उघडला. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट थोडं हलायचं. उरलेली तीन आकड्यासारखी वाकडी राहिली. अण्णासोला सक्तमजुरी झाली. आक्काताई कुरुंदवाडला आपल्या भावाकडे जाऊन राहिली ती परत आली नाही. वर्षाच्या आत तिकडेच वारली. विमला निरोप मिळून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामीने तिला दारातच पाणी दिलं, आत ये म्हणाली नाही.

गिरणी काही महिन्यांनी उघडली. नवं यंत्र आलं, त्याच जातीचं, तोच एडिटर, जपून ठेवलेल्या प्रतीवरून घातलेले तेच प्रोग्रॅम. विमला कामावर रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी शिरगावकरांकडे गेली. “तो खाड्याचा नियम,” ती म्हणाली, “त्या दिवशी काढायला सांगितला होता. काढू?”

शिरगावकरांनी मान वर केली नाही. “आता कशाला काढायचा? एवढं नुकसान केलं त्यांनी. राहू दे तसाच.”

ती डाव्या हाताने काम करायला शिकली. तेव्हा तिला कळलं की तो किल्लीच्या भोकाचा एडिटर तिच्यासारख्या माणसासाठीच केलेला असावा. एकेक अक्षर. घाई नाही, एका वेळी एकच कळ. एक बोट पुरे. हाताचा वेग गेला तसा तिने डोक्यावर भार टाकला. टाइप करण्याआधी प्रोग्रॅम मनात इतका घोटायची की कागदावर चूक अशी उरायचीच नाही. बाळासोचा एक कान कायमचा गेला होता. तो म्हणायचा, “विमलाताई, तुमचा एक हात न् माजा एक कान. मिळून एक धड माणूस व्हतोय की.” ती हसायची नाही. त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही.

पुढे ते यंत्रही जुनं झालं. छोटी यंत्रं आली, आणि त्यांवर नवा एडिटर. जयसिंगपूरहून येणारी श्यामला नावाची नवी मुलगी तो लीलया चालवायची. आता अख्खं पान समोर दिसायचं. वर जा, खाली जा, कुठेही शिरून दुरुस्त करा. पण त्याचा प्रत्येक हुकूम दोन कळांचा होता. एक डाव्या कोपऱ्यातली दाबून धरायची आणि ती धरली असतानाच दुसरी दाबायची. ओळ मारायची तरी दोन बोटं, बदल पक्का करायचा तरी दोन बोटं.

शिरगावकरांनी तिला बोलावलं. “विमलाबाई, तुम्हाला भांडाराच्या कामावर घेऊ. बसून काम आहे. हे आता तुम्हाला जमायचं नाही.”

“आठ दिवस द्या,” ती म्हणाली.

त्या आठ दिवसांत ती सगळे जेवायला गेले की खोलीत बसायची. डावा हात दोन्ही कळांवर पुरेना. मग तिने उजवा मोडका हात उचलला आणि ती वाकडी तीन बोटं त्या कोपऱ्यातल्या कळेवर टेकवली, दगड ठेवावा तशी. वरून मनगटाने दाब दिला. जिथे हाड चुकीचं सांधलं होतं तिथून कळ निघाली ती थेट खांद्यात गेली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिने डाव्या हाताने दुसरी कळ दाबली. ओळ मेली. तिने पुन्हा केलं, पुन्हा. श्यामला जेवून परत आली तेव्हा विमलाचा ब्लाउज घामाने ओला होता आणि खालचा ओठ दाताने फाटला होता.

“विमलाताई, हे काय?”

“काही नाही. एडिटर चांगला आहे हा. आधी उगीच भीत होते.”

भांडाराची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

अण्णासो सुटला आहे हे तिला बाळासोकडून कळलं. एका दुपारी फाटकावरून निरोप आला: पावणं आल्यात, भेटायचं म्हणत्यात. ती बाहेर गेली. फाटकाशी बदली कामगारांतले उरलेसुरले बसले होते. अण्णासो त्यांच्यापासून वेगळा, भिंतीला टेकून उभा. तालमीतलं शरीर वाळून गेलं होतं. तिला पाहताच तो सरळ झाला.

“इमले,” तो म्हणाला. “हात बघू.”

तिने हात पदराखालून काढला आणि समोर धरला. त्याने बघितलं. तोंड फिरवलं.

“बाळासो भेटल्ता मला,” तो म्हणाला. “त्यो सांगत हुता. तू त्या येळंला आमचंच काम करत हुतीस. त्यो नियम खोडत हुतीस. आयच्यान्, मला म्हाईत न्हवतं गं. म्हाईत असतं तर मी हात लावला असता का?”

बसलेल्या माणसांपैकी काहीजण उठून उभे राहिले.

“आन् मी दुसरं कायतरी लिवत असते, तर?” विमला म्हणाली.

“आं?”

“तुमचं नसतं लिवत. सायबाचं लिवत असते. मग माजा हात मोडायचा हुता व्हय?”

त्याने तोंड उघडलं. ती थांबली, खरंच थांबली, उत्तर येईल म्हणून. मग तिने डावा हात उचलला आणि अंगातलं सगळं बळ लावून त्याच्या तोंडात मारली. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. पहारेकरी धावला. अण्णासोने हाताने त्याला मागे सारलं. ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं, ते त्याने पुसलं नाही. विमलाने पुन्हा मारलं, त्याच गालावर. तो तसाच उभा राहिला, तिच्याकडे बघत, तिसऱ्याची वाट बघितल्यासारखा.

तिने तिसरी मारली नाही. पदर सारखा केला आणि ती आत वळली.

खोलीत श्यामलाने तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, “काय झालं, ताई?”

“तू तुझं चालू दे.”

पडद्यावर अर्धवट सोडलेला प्रोग्रॅम तसाच होता. विमला खुर्चीत बसली. डावा तळवा लालभडक झाला होता आणि दाबायला जावं तर भलतीच कळ दाबली जात होती. तिने तो हात टेबलावर उताणा ठेवला आणि झिणझिण्या जायची वाट बघत बसून राहिली. काम करणारा तो एकच होता.