चर्चच्या स्पीकरातलं भजन

खाजनवाड्याच्या नव्या चर्चमध्ये भजन वाजलं. मराठी भजन. आणि तेही त्याच वर्षी! दुसऱ्या कुठल्या वर्षी वाजलं असतं तर लोक पोट धरधरून हसले असते, पाद्रीबाबही हसले असते. पण राजभाषेवरून गोव्यात भावाभावांनी बोलणं टाकलं होतं, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, बसगाड्या जळल्या होत्या. कोकणीचा कायदा नुकताच झाला होता आणि मराठीवाल्यांच्या पोटातली आग काही विझली नव्हती. अशात चर्चच्या स्पीकरातून टाळ-मृदंग! हसणार कोण?

झालं असं. पाद्रीबाबांनी कोकणीतलं प्रवचन संपवलं आणि सगळ्यांना घडीभर मनातल्या मनात प्रार्थना करायला सांगितली. ते पुढे हळू आवाजात बोलतात, म्हणून वर माडीवर ॲम्प्लिफायरपाशी बसलेल्या शिवदासने माइकचा आवाज वाढवला. चर्च चिडीचूप. आणि त्या शांततेत भिंतीवरचे सगळे स्पीकर बारीक आवाजात गायला लागले. टाळ, मृदंग आणि एका बाईचा गोड गळा. खालची सगळी डोकी एकदम वर वळली. एक पोर खुदकन हसलं, त्याला आईने चापट मारली. शिवदासने घाईघाईने आवाज उतरवला, तेव्हा कुठे भजन थांबलं. त्याच्या तर पाचावर धारण बसली होती.

कारण हे काम म्हणजे त्याचं नशीबच उघडलं होतं. आजवर जत्रा, दशावतार, लग्नं. पावसाळा आला की भोंगे गोणपाटात आणि शिवदास ओसरीवर. खाजनवाड्याचं जुनं चॅपल मात्र माणसांना पुरेनासं झालं, शेजारच्या बार्देश तालुक्यातून नवी कुटुंबं येऊन राहिली, आणि नाटकाच्या थिएटराएवढं मोठं चर्च उभं राहिलं. एवढ्या मोठ्या घुमटात नुसतं खोकलं तरी ते चारदा ऐकू यायचं. ते सगळं आवरून दर रविवारी आवाज सांभाळायचं काम शिवदासला मिळालं, बारमाही. त्याला आणि सगुणला, असं म्हणायला हवं. पार्से गावच्या शाळेत एका बाकावर बसल्यापासून दोघांनी जे केलं ते जोडीनेच केलं होतं. पेडण्याच्या बाजारातलं दुकानही दोघांचं.

आता सगुण कसा? पक्का मराठीवाला! भिंती रंगवणारा, मोर्चात पुढे घसा फोडणारा. एकदा तर पोलिसांनी त्याला दिवसभर आउटपोस्टवर बसवून ठेवला होता. रविवारी तो चर्चला येत नसे. "माका बघून थंयच्यांका राग येयत," म्हणायचा.

शिवदासने भजनाची गोष्ट सांगितली तेव्हा हा गडी ठसका लागेपर्यंत हसला. "बरा झाला! पाद्र्याक फुकटचा भजन!" मग एकदम हसू आवरून त्याने विचारलं, "सगळ्या स्पीकरांतसून वाजला? पाद्री बोलताना येय नाय, गप रवल्यारच येता?"

ह्याला कसं कळलं? शिवदासच्या डोक्यात किडा शिरला तो तेव्हा. जो तिथे नव्हता त्याला बरोबर हेच कसं विचारावंसं वाटलं? वायरीत कोणीतरी टेप नाहीतर ट्रान्झिस्टर जोडतंय हे तर उघड होतं. चर्चमधली वायर न् वायर माहीत असलेली माणसं दोनच. एक तो स्वतः. मग दुसरा कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आणि या खेपेला भजनानंतर चक्क मराठी बातम्या! चर्चच्या कमिटीचा म्होरक्या पास्कू, कुवेतहून परतलेला तापट गृहस्थ, दणादणा जिना चढून वर आला. "शिवदास, देवाच्या घरात हो खेळ कोण करता? तू सांग, ना जाल्यार तुजें काम सोंपलें."

शिवदास घरी आला आणि जेवायला बसल्यावर त्याने सगुणवरचा संशय बोलून दाखवला. त्याची बायको प्रभावती म्हणाली, "अवो, त्याकाच सरळ इचारा मगे. सगुण भावजी तुमच्याकडे खोटा बोलतले काय?"

"इचारल्यार सावध जायत तो," शिवदास म्हणाला.

ऐका! संशय एकदा आत शिरला की माणूस असा शहाणा होतो. आता त्याला सगुणच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं. सगुण दुकानात उशिरा का आला? पिशवी काउंटरखाली का सरकवली? शनिवारी दुपारी "जरा पार्श्याक जावन येतंय" म्हणून तो गेला खरा, पण त्याची सायकल तर खाजनवाड्याकडे वळली होती. शिवदासने ते पाहिलं. त्याने दुकानाला कुलूप ठोकलं, भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला हात केला आणि तडक पास्कूचं घर गाठलं.

दुपारची वेळ, सगळा वाडा निजलेला. पाद्रीबाबांना उठवून तिघेजण चर्चच्या बाजूच्या दाराने आत शिरले. आणि समोर काय? त्याच दाराच्या चौकटीवर शिडी, शिडीवर सगुण. हातात माइकची वायर, दातांत काळ्या चिकटपट्टीचं टोक. खाली पिशवी उघडी पडलेली, आणि पिशवीत ट्रान्झिस्टर.

पास्कू गरजला, "सांपडलो!"

सगुणने पट्टीचा शेवटचा वेढा गुंडाळला आणि तो सावकाश खाली उतरला. "वायरीचो जोड बघी होतंय," एवढंच बोलला. बोलला पास्कूशी, पण बघत होता शिवदासकडे. शिवदासने नजर फरशीवर ठेवली. खरं सांगायचं तर आतून त्याला थोडं बरं वाटत होतं. आपला तर्क खरा निघाला ना!

पाद्रीबाबांनी शांतपणे विचारलं, "शिवदास, हो तुजोच मनीस न्हय?"

"आसलो, पाद्रीबाब," शिवदास म्हणाला. "आतां ना."

होता, आता नाही. आयुष्यभराची सोबत त्याने दोन शब्दांत उडवून दिली. सगुणने पकड पिशवीत टाकली, ट्रान्झिस्टर टाकला आणि तो निघून गेला. पास्कू पोलिसांना बोलवायला निघाला होता, पाद्रीबाबांनी त्याला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. स्पीकर स्वच्छ! प्रार्थनेच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू यावी. पास्कूने शिवदासच्या पाठीवर थाप मारली आणि फेस्ताचं, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाचं कामही त्यालाच दिलं. आणखी पुरावा हवा कशाला? चोर गेला आणि चोरी थांबली. सगुण दुकानात परत आला नाही, शिवदासनेही बोलावलं नाही. प्रभावतीने एकदा विषय काढला, तर तो तिच्यावरच खेकसला.

फेस्ताच्या तयारीसाठी आणखी एक माइक हवा होता. शिवदास शिडी लावून त्याच चौकटीवर चढला आणि त्याने काळी पट्टी सोडवली. आत नवी कोरी वायर, आणि दोन्ही टोकांना सगुणच्या हातचं गोल, चकचकीत सोल्डर. शिवदासला काही उमजेना. टेप जोडायची तर इथला तुकडाच कशाला बदलायचा? मग त्याला आठवलं. पहिल्यांदा स्पीकर बसवताना वायर इथे कमी पडली होती. सगुण त्या दिवशी आउटपोस्टवर होता आणि कमिटीची घाई चालली होती, म्हणून शिवदासने स्वतःच जत्रेतल्या वायरीचा एक जुना, हिरवा पडलेला तुकडा नुसता पिळून जोडला होता.

त्या जुन्या वायरीतला थोडा भाग त्याच्या पेटीत अजून होता. त्याने नवा तुकडा काढला, जुना तसाच पिळून लावला, खाली उतरून माडीवर गेला आणि आवाज वाढवला. चर्च रिकामं होतं. पाखरूसुद्धा नव्हतं. आणि स्पीकरातून एक माणूस मराठीत खतांचे भाव सांगायला लागला.

टेप नाही, ट्रान्झिस्टर नाही. एवढी लांबलचक वायर एरियल झाली होती आणि तो कुजका जोडच रेडिओ! सगुणने ते नुसत्या ऐकीव गोष्टीवरून ओळखलं होतं. तेच भजन खऱ्या रेडिओवर लागतं का, हे ताडून बघायला त्याने ट्रान्झिस्टर आणला होता. शिवदासला रडू येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. सगुणचं सोल्डर जसंच्या तसं पुन्हा बसवून तो मिळेल त्या बसने पार्श्याला सगुणच्या घरी गेला.

सगुण अंगणात कोणाचातरी पंखा खोलून बसला होता. त्याची बायको पार्वती दारात होती. शिवदासला पाहून ती "या भावजी" म्हणाली नाही. नुसती आत निघून गेली.

"जोड माझो होतो," शिवदास म्हणाला. उभ्याउभ्याच.

"ठावक आसा."

"मगे बोलूक नाय कित्याक? पाद्रीबाबासमोर एक शब्द तरी बोलूचो होतो!"

"बोललो असतंय तर तुझा काम गेला असता. कुजको जोड तू मारलंस म्हणून पास्कूसमोर कसो सांगू?" सगुण पंख्याचा स्क्रू फिरवत राहिला. "पार्श्याचा नाव सांगलंय ता तुका वायट दिसू नये म्हणून. आणि तुका सांगूक लागतला असा माका वाटूकच नाय."

शिवदास त्याच्यासमोर खाली बसला. म्हणाला, "आताच चर्चीत जातंय आणि पाद्रीबाबाक सगळा सांगतंय. काम गेला तर जांव. तू फाल्यां सकाळी दुकानात ये. पाया पडतंय तुझ्या."

सगुणने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तो रागावला नव्हता, आणि शिवदासला तेच सोसेना.

"आयलो असतंय रे," सगुण म्हणाला. "पण फुडे स्पीकर कधी करकरलो ना, की तू पयलो माझ्याकडे बघतलंस. मुद्दाम न्हय, आपसूक. माका ता बघूचा नाय."

'नाही बघणार' म्हणायला शिवदासने तोंड उघडलं. पण त्याला तसं म्हणता आलं नाही.