वाकडा ठरलेला ओळंबा

मी एक ओळंबा. दोरीला टांगलेलं पितळेचं वजन, एवढाच माझा अवतार. पण भिंत सरळ की वाकडी, याचा निकाल मी देतो, आणि माझ्यापुढे ठेकेदाराचंही काही चालत नाही. गर्विष्ठ म्हणा हवं तर. ज्याची दोरी जन्मात कधी वाकली नाही, त्यानं गर्व करू नये तर कुणी करावा?

मुरबाडच्या बाजारात कुंडलिक गवंड्यानं मला निवडलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. किन्हवलीच्या आसपास आम्ही मिळून किती घरं उभी केली, ते विचारूच नका. दसऱ्याला त्याच्या हत्यारांत पहिलं हळदकुंकू माझं. त्याची एक सवय होती. डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं मला निरखायचं.

बघता बघता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. गेल्या वर्षी एका घराची भिंत छातीपर्यंत आली होती. कुंडलिकनं मला सोडलं, डोळा मिटला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याला भिंत मधेच वाकडी दिसली. जोडीदार साईनाथ परोपरीनं सांगत होता की भिंत सरळ आहे. पण या बहाद्दरानं ऐकलं नाही, चांगली भिंत पाडली. पुन्हा बांधली, पुन्हा वाकडी दिसली, पुन्हा पाडली. आता माझी दोरीही त्याला वाकडी दिसायला लागली. "ओळंबाच बिघडलाय," म्हणत त्यानं मला घमेल्यात भिरकावलं. मी, आणि बिघडलेला! त्या दिवशी मला फार लागलं.

खरं तर घाबरला होता तो. हातातली कला गेली तर आपण कोण उरणार, ही भीती त्याला खात होती. त्याची बायको गिरजा म्हणाली, मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाकू. तो मानेना. माझी चूक सिद्ध करायला त्यानं मला चुलीपुढच्या तुळईला टांगलं. नेमका धूर उजव्या डोळ्यात गेला. तो मिटून त्यानं डाव्यानं पाहिलं, तर दोरी सरळ.

"गिरजे, ओळंबा सरळ हाय गो," तो हळूच म्हणाला. "माझाच डोळा चुकतोय."

मग त्याची मुलगी नम्रता कामाला लागली. ती वाशिंदच्या कारखान्यात जाते. शहापूरच्या चष्मेवाल्यानं सांगितलं, हे नंबरचं काम नाही. डोळे तपासायच्या शिबिरातले डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नव्हे, डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर गाठा, उशीर करू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांतही पडद्याचे वेगळे असतात, हे घरात कुणाला ठाऊक होतं? नम्रतानं कारखान्यात ज्याला त्याला विचारलं, फोन केले. एकानं पुढच्या महिन्यात या म्हटलं, तर पोरीनं दुसरा नंबर फिरवला. शेवटी ठाण्याच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्याच आणा.

कुंडलिकनं हट्टानं मलाही पिशवीत घेतलं. बाईंनी चौकटींचा कागद दाखवला. उजव्या डोळ्याला मधल्या रेघा नागमोडी दिसत होत्या. कुंडलिकनं मला बाहेर काढलं.

"बाई, याची दोरी पन अशीच दिसते."

बाईंनी मला बोटावर टांगून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमचा कागद जे सांगतो, तेच हा सांगतोय." ऐकून माझ्या पितळेचं सोनं झालं.

वयानं पडद्याचा मधला भाग बिघडतो, असं त्यांनी समजावलं. गेलेली नजर सगळी परत येईल असा शब्द दिला नाही, पण उरलेली राखायची तर डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणाल्या. कुंडलिक घाबरला, तरी गेला, अजून जातो. उजव्या डोळ्यापुढे फिकट डाग उरलाय, पण वाकडेपणा वाढायचा थांबलाय. आता तो डाव्या डोळ्यानं मला निरखतो. पाडलेली भिंत त्यानं तशीच, माझ्या दोरीवर पुन्हा उभी केली. जाता-येता बघा, सरळ आहे.

काम नसलं की मी त्याच्या ओटीवर टांगलेला असतो. रोज सकाळी तो एकेक डोळा मिटून मला पाहतो. गिरजानं तर नियमच केलाय. म्हातारं माणूस आलं की आधी ओळंबा, मग चहा.

परवा पाड्यावरची जिवली आली. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि तोंड वाकडं केलं.

"तुमची दोरी वाकडी हाय गो."

गिरजा वाद घालत बसली नाही. तिनं लगेच नम्रताला फोन लावायला घेतला. आणि मला, वाकडा म्हणवून घेण्याचा, जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला.