माशांची गोड्या पाण्याची घागर

आमच्या मास्तरांनी घरात आफ्रिका आणून ठेवली होती. मास्तर म्हणजे आमचे हे, ज्ञानोबा. कमलनगरच्या मराठी शाळेत शिकवायचे. पंच्याऐंशी सालच्या धम्मचक्र दिनाला माझा भाऊ मुंबईहून आला, तो मास्तरांच्या हौसेखातर आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले पाच मासे घेऊनच. तीन निळे, दोन पिवळे. मास्तरांनी काचेच्या पेटीत शहाबादी फरशीचे तुकडे रचून त्यांना बिळं करून दिली.

मासे कसले, भावकीच ती! माणसं बांधावरून भांडतात तसे फरशीवरून भांडायचे. मोठा निळा तोंडात वाळू भरून शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा. मास्तर शाळेतून आले की पाचही जण काचेला येऊन नाचायचे. मी दिवसभर समोर वावरले तरी माझ्यासाठी दोनच यायचे. तोंडानं मी कुरकुर करायची, पण भाकरी थापताना मान तिकडेच. लळा लागला होता, कशाला खोटं बोलू?

वैताग होता पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं गोडं पाणी मैलभर लांब, ईरण्णांच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं. मास्तर म्हणाले, "एवढ्या लांबून पाव्हणे आलेत. त्यांला काय जड पाणी पाजायचं?" झालं. पाव्हणचार त्यांचा आणि घागर माझ्या डोक्यावर.

माझी आई असल्या विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओंजळीत पाणी पडायचं. मी मात्र स्वतःच्या हातानं पोहरा सोडते आणि ईरण्णा "घ्या की अक्का" म्हणतात. आईला जे पाणी कधी पोटभर मिळालं नाही, ते मी माशांना घालायचं, हे मनात आलं की माझं डोकंच फिरायचं.

एप्रिलात विहीर आटत आली. ईरण्णांनी घरटी दोनच घागरी नेमून दिल्या. त्यातली एक माशांची. आणि एवढं करून मासे सुकत चालले. निळ्यांचा रंग उतरला, पिवळे तळाशी बसून राहिले, पालकाचं पान टाकलं तरी वर येईनात. मास्तरही गप्प झाले. पेपर तपासायला दोन दिवस बिदरला निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "त्यांची घागर विसरू नगंस."

त्या दिवशी पोहऱ्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त. कशीबशी एक घागर भरली. घरी आले, पेटीकडं बघितलं आणि माझा तोल गेला. पेटीतलं बरंच पाणी उपसून अंगणात फेकलं आणि बोअरच्या बादल्या ओतल्या. "जगायचं तर जगा, न्हाई तर मरा!" म्हणाले आणि पेटीवर जुनं लुगडं टाकलं.

राग उतरला तशी भीती चढली. दुसऱ्या सकाळी वंदनेला बसले. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. तेवढं गाळून पुढची चार म्हटली. दिवसभर लुगडं उचलायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या सकाळी म्हटलं, मेले असतील तर मास्तर यायच्या आत निदान उचलून पुरावेत.

लुगडं ओढलं. मोठा निळा नव्या पाटीसारखा लखलखत होता. पिवळे वर येऊन काचेला टोचत होते. मी मोजले, पुन्हा मोजले. पाच! तिथंच फतकल मारून बसले आणि लहान पोरीसारखी रडले.

दुपारी मास्तर आले. पिशवी हातातच. "बघ इंदिरा, बघ! गोड्या पाण्याचा गुण!"

मान हलवली असती तर भागलं असतं. पण पुढं रोज ती घागर कोण वाहणार? आणि खोटं तरी किती पचणार?

"गोडं न्हाई. बोअरचं हाय. रागात वतलं मी."

मास्तर पेटीपाशी वाकले. चष्मा काढून पुसला. "म्हंजी त्यांच्या तळ्याचं पाणी आपल्या बोअरवाणीच जड असंल. आन् मी गोडं पाजून पाजून त्यांला मारायलो होतो." मग हळूच म्हणाले, "दोन दिवस डोळ्याला डोळा लागला न्हाई बग. वाटायलं, हौसेपायी पाच जीव घेतले आपण."

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू येवढं पाणी वाहायलीस. कोणत्या तोंडानं सांगू?"

त्यांनी पेटीसमोरच सतरंजी अंथरली आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

मी माशांच्या वाट्याची घागर कलती केली, तांब्या भरला आणि उभ्या उभ्या पोटभर पाणी प्याले.