दोन भांड्यांतले रॉकेल

माईंच्या घरात बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. हा नियम भाजीला होता, औषधाच्या बाटलीला होता आणि जावयाने आणलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यालाही होता. त्यामुळे जुन्या पार्टांच्या बाजारातून आलेला टर्बो पोत्यात गुंडाळलेला दारात उतरला, तेव्हा त्याला वेगळा न्याय लावावा असे माईंच्या मनातही आले नाही. पदर खोचून त्या मागच्या अंगणात बसल्या आणि रॉकेल व ब्रश घेऊन त्यांनी तो असा काही घासला की ओतीव लोखंडाचा मूळ करडा रंग कित्येक वर्षांनी उजेडात आला.

टर्बो त्यांच्याच मोटारीसाठी होता. ही डिझेलची जुनी, लांब नाकाची गाडी माईंनी स्वतः निवडली होती आणि आजवर स्वतःच चालवली होती. तिचा टर्बो गेल्या महिन्यात मोडला. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनालाच जास्तीची हवा पुरवणारे हे यंत्र. ते मोडल्यापासून गाडी साध्या चढावर धापा टाकू लागली. नवा मिळत नव्हता, कारण कारखान्याने ते करणेच सोडून दिले होते. मुलाचे म्हणणे असे की आता तिचा नाद सोडावा. "तुला जायचं असेल तिथे मी सोडेन ना," असे तो अगदी मायेने म्हणे. परंतु जिने जन्मभर इतरांना स्टेशनावर, शाळेत, दवाखान्यात नेऊन सोडले, तिला ते वाक्य कानात खडा गेल्यासारखे टोचे. कुठे जायचे, हे आधी दुसऱ्याला विचारायचे, या कल्पनेनेच माईंचा जीव गुदमरत होता.

शेवटी घरात असे ठरले की सुनेने हा टर्बो पास केला, तर गाडी राहील. नाही तर उद्या सकाळी भंगारवाला येऊन ती ओढून नेईल. सुनेचा शब्द दोघांनाही मान्य होता. ती इंजिने दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात होती आणि तेथील मालकही अवघड पार्ट आधी तिच्या हातात देई. लग्न ठरले तेव्हा तिच्या काळ्या नखांकडे पाहून माईंनी नाक मुरडले होते खरे, पण पुढे पाहुणे आले की त्याच माई सुनेचा हात धरून तीच नखे दाखवीत आणि म्हणत, "हे हात बघा, हे कामाचे हात आहेत."

दुपारी सून गॅरेजातून आली. अंगणातल्या टेबलावर, स्वच्छ पंचावर, नवरदेवासारखा सजवून ठेवलेला टर्बो तिने पाहिला आणि ती जागच्या जागी थबकली.

"आई, हा धुतला कुणी?"

"मी. दुसरं कोण धुणार आहे या घरात?"

सुनेने खांद्यावरची पिशवी सावकाश खाली ठेवली. मग तिने आवाज न चढवता सांगितले की जुना पार्ट आधी त्याच्या मळावरून वाचायचा असतो. तेल कुठे ओघळले, काजळी कुठे कोरडी आहे आणि कुठे चिकट, यावरून आतले दुखणे कळते. म्हणून त्यांच्या गॅरेजात तपासणी झाल्याशिवाय पार्टाला ओले फडकेही कुणी लावत नाही.

"तुम्ही पेशंटची नाडीच पुसून टाकलीत, आई."

खुर्चीत बसलेला मुलगा म्हणाला की मग प्रश्नच मिटला. माईंनी त्याच्या कपाकडे बोट केले. "तू तुझा चहा संपव," त्या म्हणाल्या.

सुनेने मात्र बाह्या मागे सारल्या होत्या. तिने आधी मोडका टर्बो आणून बाजारातून आलेल्याच्या शेजारी ठेवला. आलेल्यावरची पाटी जुळत होती, पण तिने पाटीवर भिस्त ठेवली नाही. पाटी काढून दुसरी बसवता येते, ओतीव आकडे बदलता येत नाहीत, असे पुटपुटत तिने दोन्हींच्या अंगावरचे आकडे बोटाने चाचपले. तेलाची भोके, बोल्टांच्या जागा, आतल्या चाकांची रुंदी, सगळे तिने व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, ताडून पाहिले. टॉर्च आत धरून त्या चाकांचे एकेक पाते तपासले. पाती शाबूत होती. एकाचीही कड तुटलेली नव्हती. माईंनी आजवर अनेकांना काम करताना पाहिले होते, परंतु एखाद्या वस्तूशी इतक्या अदबीने वागणारे हात त्यांना क्वचितच दिसले होते.

सुनेने मधला दांडा चिमटीत धरून हलवला. तो किंचित डुगडुगला, तशा माई पुढे वाकल्या.

"अगं, हा हलतोय की."

"इतका हलायलाच हवा. तेल आलं की त्याच्यावर तरंगत फिरतो तो. पुढेमागे मात्र तसूभरही सरकता कामा नये." तिने दांडा ढकलला, ओढला. तो जागचा हलला नाही.

एवढे सगळे मनासारखे होऊनही तिचा चेहरा मोकळा होईना. अडले होते ते गरम बाजूशी, म्हणजे धूर जिथून जातो तिथे. त्या बाजूला तेल येत होते की नाही, हे कळल्याशिवाय होकार देणे म्हणजे आंधळेपणाने सही करणे होते. आणि ते सांगणारी काजळी माईंच्या ब्रशाने गेली होती. मुलगा चहाचा कप घेऊन उठला.

माईंची मान मात्र ताठ होती. "काजळी गेली कुठे? मागे भांड्यात आहे," त्या म्हणाल्या. "मी रॉकेल मोरीत ओतत नाही."

"सगळी एकत्र असेल ना पण आई. दोन्ही बाजूंची."

"एकत्र? या बाजूचं वेगळं भांडं, त्या बाजूचं वेगळं. एका पाण्यात दोन वस्तू धुताना तू मला कधी पाहिलंस का?"

सून खुदकन हसली. ती दोन्ही भांडी सांभाळून घेऊन आली. कोऱ्या कागदावर तिने तीन थेंब टाकले: एक स्वच्छ रॉकेलचा, एक थंड, म्हणजे हवेच्या बाजूच्या भांड्यातला, एक गरम बाजूचा. रॉकेल उडून जाईल, तेल असले तर मागे राहील, इतके साधे ते गणित. कागद उन्हात ठेवून तिघेही त्याच्याभोवती बसून राहिले. कप आत न्यायचा राहिला तो राहिलाच.

पहिला थेंब पुसल्यासारखा नाहीसा झाला. दुसऱ्याची पुसट कड उरली. तितके चालते, असे सून म्हणाली. तिसऱ्याच्या जागी मात्र चांगला तुपट डाग उमटला. कागद वर धरला, तर त्यातून पलीकडची बोटे दिसली.

"म्हणजे गळतो," मुलगा म्हणाला.

"गळतो," सुनेने सांगितले. माईंना बरे वाटावे म्हणून तिने त्या शब्दाला जराही मऊपणा आणला नाही. माईंच्या काळजावर दगड पडला. तरीही, ही पोरगी माझ्या तोंडावर माझ्या विरुद्ध खरे बोलते, याचा अभिमान त्याच दगडाखाली धडधडत होता.

सुनेने टर्बो उलटा केला आणि तेल परत जाण्याच्या भोकात टॉर्च धरली. ब्रश तिथवर पोचला नव्हता. आत जळलेल्या तेलाचा कोळसा घट्ट बसला होता. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने समजावून सांगितले. परतीची वाट अशी तुंबली, की चांगल्या टर्बोतूनही तेल गरम बाजूला फुटते. तेव्हा दोष नुसत्या कोळशाचा असू शकेल, किंवा दांड्यावरची तेल अडवणारी रिंग बसते ती खोबण झिजलेली असेल. कोळसा निघतो. झिजलेली खोबण भरून येत नाही.

"आणि ते कळायचं कसं?" माईंनी विचारले.

"उघडूनच. पण उघडलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही. खोबण गेलेली निघाली, तर हा दाराला टेकण म्हणून वापरायचा, आणि गाडीही गेली समजा."

"तू काय केलं असतंस?"

सुनेने दांडा पुन्हा एकदा ढकलून पाहिला. "दांडा पुढेमागे हलत नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. मी उघडला असता."

"मग माझं तोंड काय बघत बसलीस? उघड."

मुलाने उठून पाना आणून दिला. सुनेने प्रत्येक तुकड्यावर खूण करीत टर्बो उघडला. बोल्ट कुरकुरले, एक तर तापवावाच लागला. शेवटी दांडा बाहेर आला. तिने खोबणीतला कोळसा लाकडी काडीने खरवडला आणि नख आत घालून हळूच फिरवले. चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिने दांडा माईंपुढे धरला.

"तुम्ही बघा. नख फिरवा. कड लागते का?"

माईंनी जन्मभर जपलेले स्वच्छ नख त्या काळ्या खोबणीत घातले. दोन्ही बाजूंनी कड टोचली; सरळ, करकरीत.

"लागते," त्या म्हणाल्या. "चांगली लागते."

"मग वाचला. रिंगा बदलायच्या, वाट साफ करायची, आणि फिरताना थरथरू नये म्हणून दांडा बॅलन्स करून आणल्याशिवाय बसवायचा नाही. थोडे दिवस जातील."

"जाऊ देत. मला काय घाई आहे?"

मुलगा फोन घेऊन आत गेला. उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाही, असे तो कुणाला तरी सांगत असल्याचे अंगणात ऐकू आले. त्याच्या आवाजात चक्क ऐट होती. सुनेला त्याचे भान नव्हते. ती एकेक तुकडा क्रमाने मांडत होती आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. माईंनी ताट बाहेर आणले, हात धुऊन ये म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. स्टूल ओढून त्या तिच्याशेजारी बसल्या आणि पहिला घास स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाशी नेला.

"आ कर," त्या म्हणाल्या. "हातातलं खाली ठेवू नकोस."