जानकीचा पाचवा महिना

श्रावण लागला तेव्हा वालावलच्या त्या वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की आनंदीबाईच्या सुनेला पाचवा महिना आहे. आनंदीबाईनेच ते घरोघर सांगितलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मुलगा विश्राम मुंबईला गोदीत कामाला होता. तो शिमग्याला येऊन गेला आणि त्यानंतर जानकी एकदाही पडवीत बाहेरची बसली नव्हती. सकाळी तिला मळमळायचं, उभी राहिली की भोवंड यायची. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईच्या बाबतीत आणखी काय पुरावा हवा?

जानकी स्वतः तर त्या आनंदात बुडून गेली होती. चुलीपुढे बसली की एक हात आपोआप पोटावर जायचा. रात्री पडल्यावर आत काहीतरी हलल्यासारखं, बुडबुडल्यासारखं व्हायचं. ती मनातच त्याला म्हणायची, "थांब रे, घाई करू नको."

आनंदीबाईला मात्र एकच गोष्ट खटकत होती. पोट दिसत नव्हतं. त्यातच एका सोमवारी जानकी विहिरीवर कळशी उचलताना खाली कोसळली. शेजारच्या नर्मदेने तिला धरून घरात आणलं. आनंदीबाई घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने बाबली गाडीवानाची बैलगाडी सांगितली आणि सुनेला घेऊन कुडाळ गाठलं. तिथे त्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, डॉक्टर सरला तायशेटे यांनी नवा दवाखाना घातला होता. बाई डॉक्टर आहे म्हणूनच आनंदीबाई जायला तयार झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी जानकीला आत नेऊन बराच वेळ तपासलं. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली, वजन केलं. मग हात धुऊन त्या बाहेर आल्या आणि आनंदीबाईसमोर बसल्या.

"आजी, हिच्या पोटात मूल नाही."

आनंदीबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "नाय म्हणजे? गेला?"

"गेलं नाही. नव्हतंच."

"असा कसा होतला? शिमग्यापासून ती भायर बसूक नाय!"

जानकी दाराशी उभी होती. लुगडं सावरता सावरता तिचे हात थांबले. ती पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, पण आत हलतं. रोज रात्री हलतं."

डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवलं. "ते आतडं असेल ग. उपाशी पोट तसंच वाजतं, तसंच हलतं."

जानकीला रडूही आलं नाही. इतके दिवस आपण कुणाशी बोलत होतो, हेच तिला कळेना.

"दिवसभरात खातेस काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

जानकीने सासूकडे पाहिलं. उत्तर आनंदीबाईनेच दिलं, आणि ते देताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. सोमवार, गुरुवार, एकादशी, सगळे उपास सून कडक करते. शिवाय नवस आहे. ओटीत मूल येईपर्यंत मासळी बंद आणि जेवण दिवसातून एकदाच, तेही पेज.

"पोटात मूल आहे असं वाटल्यावरही?"

"नवस पुरो नको होवक? पोर हातात येयसर सोडूचो नाय असा बोललंलंय."

"किती वर्षं चाललंय हे?"

"लग्नाक तिसरा वर्ष लागला, तवापासून."

डॉक्टरीणबाई सावकाश बोलू लागल्या. बाईच्या पोटात दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला त्यातलं एक बीज पिकतं. ते पिकावं म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली एक लहानशी ग्रंथी रक्तात रस सोडते. त्या रसांना हार्मोन म्हणतात. ते बीज पिकलं तरच मूल राहतं, आणि नाही राहिलं तर पाळी येते. "पण शरीर आधी जीव वाचवायचं बघतं. अन्नच मिळत नसेल तर ते बीज पिकवणं बंद करतं. हिची पाळी मूल राहिल्यामुळे थांबलेली नाही. हिला खायला मिळत नाही म्हणून थांबली आहे."

आनंदीबाई सुनेकडे बघत म्हणाली, "म्हणजे... पोरासाठी केल्ले उपास..."

"तेच आड आले, आजी. तेवढंच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण ते मोठं कारण आहे." मग त्या जानकीकडे वळल्या. "नवरा घरी कधी असतो?"

"शिमग्याला येतात. नाहीतर चवथीला. आठ-दहा दिवस."

"आणि पिकलेलं बीज एखादाच दिवस टिकतं. पाळी वेळेवर येणाऱ्या बाईत ते साधारण दोन पाळ्यांच्या मध्यावर तयार होतं. तुझा नवरा येतो तेव्हा ते दिवस असतातच असं नाही. सहा वर्षांत तुम्ही दोघं एकत्र राहिलात तरी किती?"

हा प्रश्न जानकीला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता. सहा वर्षांचा संसार म्हणत होती ती, पण तो उभा राहिला होता सणासुदीच्या मोजक्या दिवसांवर. तेवढ्यावर लोकांनी तिला वांझ ठरवलं होतं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं. तिने ते मान खाली घालून मान्यही केलं होतं.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवऱ्याचीही तपासणी करायला हवी. कमी त्याच्यातही असू शकते."

"माझ्या झिलात?" आनंदीबाई उठून उभीच राहिली. पण ती पुन्हा खाली बसली.

घरी आल्यावर जानकी अंगणात न थांबता सरळ माजघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिथे कुठे तिला रडू फुटलं. नसलेल्या मुलासाठी कसं रडायचं हे माहीत नव्हतं, तरी रडली. नर्मदा दारात येऊन विचारत होती, "काय म्हणाली डॉक्टरीण?" आनंदीबाई ओटीवर दगडासारखी बसून राहिली.

सकाळी तिने जानकीला उठवलं. "चल. देवळात जावचा आसा."

लक्ष्मीनारायणाच्या देवळात तेव्हा चार-दोन माणसं होती. आनंदीबाईने नारळ ठेवला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. कोण ऐकतंय याची तिने पर्वा केली नाही.

"देवा म्हाराजा, नवस ह्या चेडवान केल्लो नाय. मिया केलंय. तिच्या तोंडचो घास मिया काढलंय. माका कळूक नाय. आजपासून तो नवस सुटलो. काय शिक्षा आसात ती माका दी, तिका नको."

जानकीने सासूला असं कधी पाहिलं नव्हतं. कालपासून तिच्या मनात सासूवरचा राग उसळत होता. तो तिथे विरून गेला नाही, पण तिने पुढे होऊन सासूच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

देवळातली गोष्ट वाडीभर झाली होती. त्या दुपारी दुसरा धक्का बसला. भर श्रावणात आनंदीबाईच्या घरातून मासळीच्या तिखल्याचा वास येऊ लागला. खाडीतली मासळी तिने स्वतः जाऊन आणली होती.

नर्मदा धावत आली. "आनंदीबाय, श्रावणात? लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत. माझी सून उपाशी आसा."

जानकीला पहिले काही दिवस दोन घासही पोटात ठरत नव्हते. इतक्या वर्षांनी आलेल्या जेवणाची आतड्यांनाच भीती वाटत असावी. मग हळूहळू भात, आमटी, मासळी, अंडं, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला असं सगळं अंगी लागू लागलं. आनंदीबाई आता सुनेआधी जेवत नसे.

चवथीला विश्राम आला. पुढे होऊन बोलायचं ते जानकीच बोलली. मूल नव्हतंच, का नव्हतं, आणि त्याचीही तपासणी हवी, हे सगळं एका दमात. तो थक्क होऊन ऐकत राहिला. तपासणीचं ऐकून तो तडक उठला आणि देवळापाशी असलेल्या तळ्याच्या बाजूला निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा म्हणाला, "करतंय मिया. पण तू हयसर रवू नको. माझ्यावांगडा चल."

"थंय खोलीत तुमचे आणखी सोबती आसत ना?"

"दुसरी बघूया. ल्हान असली तरी चलात."

मालवणच्या बंदरातून दोघं बोटीने मुंबईला गेली. विश्रामच्या तपासणीत काही वावगं निघालं नाही; तो दवाखान्यातून बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. थंडीच्या दिवसांत एका सकाळी जानकीची पाळी आली. पूर्वी हे दिसलं की ती कोपऱ्यात तोंड लपवायची. या वेळी मोरीत बसून ती हसली आणि रडली.

पुढल्या पावसाळ्यात पाळी पुन्हा चुकली. तिने कुणालाच सांगितलं नाही, विश्रामलाही नाही. नेहमीसारखी जेवत राहिली. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. मग एकटीच जवळच्या प्रसूतिगृहात जाऊन ती रांगेत बसली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दिवस गेलेत तुम्हाला."

"परत बघा," जानकी म्हणाली.

"अहो, खात्री आहे माझी."

"तरी परत बघा."

त्यांनी पुन्हा पाहिलं आणि हसून मान हलवली. जानकी बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. येणारीजाणारी माणसं तिच्याकडे वळून बघत होती. कोणीतरी पाणी आणून दिलं. ते भांडं हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

माघात तिला मुलगी झाली. खबर मिळाली तशी आनंदीबाई, उभ्या जन्मात कधी बोटीत न बसलेली, नर्मदेच्या मुलाच्या सोबतीने मुंबईला आली. बाळाला मांडीवर घेतलं, पण बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडसच तिला होईना. शेवटी तिने बघितलं. मग कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरीच आसा गो ही."

"खरीच आसा," जानकी म्हणाली.