चार मालकांचा संगणक

मित्रांनो, पडेगावात शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात, खिडकीखालच्या टेबलावर मी बसतो. मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घुरघुरतो आणि माझ्या डोक्यावर कायम कोणाचा तरी चहाचा कप असतो.

मी नवा होतो तेव्हा फक्त पत्रे टाइप करायचो. मग सत्यम नावाच्या इंजिनिअरने माझ्यात ऑर्डरींचा प्रोग्राम बसवला. त्यात प्रत्येकाला आपापल्या कामापुरतीच परवानगी द्यायची होती. सुरेखाताईंनी ऑर्डर लिहायची, दीपमालाने यादी पाहून कापड कापायचे, कचरूमामांनी गाडीने माल नेऊन तो पोहोचल्याची नोंद करायची. ऑर्डर रद्द करायचा अधिकार फक्त मालकांचा.

पण मालक अप्पाराव पडले मोठ्या मनाचे.

"कचरूमामा माझ्या वडलांपासून इथं हायेत," ते म्हणाले. "त्यांना एक बटण अन् मला वीस? बरं दिसतं का?"

"साहेब, यात मानपान नसतो. काम असतं," सत्यम म्हणाला.

"लग्नात आपण फेटे लहानमोठे बांधतो का? सगळ्यांना मालक कर!"

झाले! मला चार मालक मिळाले. त्या दिवशी माझे केवढे कौतुक झाले! मला हळदकुंकूही लावले. त्यातली हळद अजून माझ्या कीबोर्डात आहे.

एका दुपारी कचरूमामा माझ्यासमोर बसले. त्यांना पसारा अजिबात खपत नाही. गाडी तर ते दिवसातून दोनदा झाडतात. पिशोरच्या शाळेची ऑर्डर, कापायची पाळी यायची असल्याने, पंधरा दिवस यादीत तशीच पडून होती. मामांनी ती रद्द केली. "नक्की रद्द करायची?" असे मी विचारले, तर "व्हय, व्हय!" म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबले. मालकाला अडवणारा मी कोण?

सोमवारी पिशोरच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. शनिवारी स्नेहसंमेलन होते. एकशे चाळीस मुले नव्या कपड्यांत लेझीम खेळणार होती. सुरेखाताईंनी तसा शब्द दिला होता. त्यांनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. यादीत पिशोर नव्हतेच, म्हणून दीपमालाने एक वीतभरही कापड कापले नव्हते.

कोणी रद्द केली? मी नाव दाखवले.

"रद्द नाय केली, बाई," कचरूमामा म्हणाले. "पसारा लई झाला होता. झाडून काढला."

"मामा, एकशे चाळीस पोरं झाडून काढली तुम्ही!"

मग चार दिवस शिलाई मशिनी थांबल्याच नाहीत. अप्पाराव स्वतः गुंड्या लावायला बसले. त्यांनी चार सदऱ्यांना पाठीवर गुंड्या लावल्या, तेव्हा दीपमालाने त्यांना हात धरून उठवले. शुक्रवारी सत्यमला बोलावून परवानग्या ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे लावून घेतल्या.

कचरूमामा रुसले. "म्हंजी माझी मालकी गेली."

सुरेखाताई म्हणाल्या, "मामा, माल पोहोचल्याची नोंद आता फक्त तुमची. मालकांना बी हात लावता येणार नाय."

"मालकांना बी?" मामांनी हे तीनदा विचारून घेतले.

शनिवारी सकाळी गाडी पिशोरला गेली. अप्पारावांना धीर धरवेना. त्यांनी स्वतःच नोंद करायला घेतली. "तुम्हाला परवानगी नाही," मी म्हणालो. त्यांनी मला एक थापट मारली. मी पुन्हा तेच म्हणालो. शेवटी त्यांनी फोन लावला.

"मामा, पोहोचला का माल?"

"मोजतोय. मधी बोलू नका, चुकतं."

कारखान्याचे मालक फोन कानाला लावून उभे राहिले. सुरेखाताई दोन्ही हात घट्ट धरून माझ्याकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने कचरूमामांनी आपल्या मोबाइलवरून नोंद केली आणि माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली : पिशोर, एकशे चाळीस, पोहोचले. सुरेखाताई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसल्या.

मित्रांनो, कोणाला मान द्यायचा असेल तर आधी खुर्ची द्या, चहाचा पहिला कप द्या. परवानगी मात्र ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे द्या. आणि माझ्यासारखा एखादा संगणक कधी 'नाही' म्हणालाच, तर त्याला थापट मारू नका. आमचीही वये झाली आहेत.